डॅझल: चमकतो दिवा, दिपतात डोळे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून शिफ्ट संपवून येणारी मुलं, बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुली, परदेशातल्या नातवाशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून येणाऱ्या एक आजी, असा सगळा मेळ. काही शब्दांवर दर बॅचची गाडी अडते, आणि 'डॅझल' त्यातला एक. शब्द तसा अवघड नाही. पण पहिल्यांदा पाठ केलेला अर्थ चुकीचा असतो आणि तो डोक्यातून निघता निघत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली.

डॅझल म्हणजे नेमकं काय?

डोळे दिपवणं. उजेड इतका प्रखर की क्षणभर समोरचं काही दिसेनासं होतं. दुसरा अर्थ यातूनच निघाला: कुणाचं रूप, हुशारी, खेळ किंवा श्रीमंतीचा थाट बघून माणूस इतका भारावतो की त्याला बाकीचं काही सुचत नाही. नाम म्हणूनही हा शब्द चालतो. 'द डॅझल ऑफ द सन' म्हणजे डोळ्यांवर येणारी उन्हाची प्रखर झळाळी.

सर, गाइडमध्ये 'चमकणे' असा अर्थ दिलाय. तो चूक कसा?

दर बॅचला सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

चमकणं ही वस्तूची क्रिया आहे. डबा चमकतो, बूट चमकतात, घासलेली फरशी चमकते. बघायला कुणी असो वा नसो, त्यांचं चमकणं चालूच असतं. डॅझल मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यात घडतं.

दुपारी बाराच्या सुमारास जुन्या नाशकातल्या भांडी बाजारात जाऊन बघा. दुकानाच्या पायरीवर नुकताच घासलेला तांब्याचा हंडा ठेवलेला असतो. लांबून तो चमकताना दिसतो, इथपर्यंत 'शाइन' म्हणा. तुम्ही जवळ जाता, आणि एका विशिष्ट पावलावर हंड्याच्या पोटावरून उसळलेली उन्हाची तिरीप थेट डोळ्यात शिरते. मान आपोआप वळते, हात कपाळाशी जातो, आणि दोन-तीन सेकंद दुकानदाराच्या तोंडाच्या जागी एक हिरवट-जांभळा ठिपका तरंगत राहतो. आता त्या हंड्याने तुम्हाला डॅझल केलं. हंडा तोच, ऊनही तेच. मागच्या पावलापर्यंत तुम्हाला दिसत होतं आणि या पावलाला दिसेनासं झालं, एवढाच फरक.

वर्गात मी एक साधी खूण सांगतो. वाक्य लिहून झालं की स्वतःलाच विचारा, दिपले कुणाचे डोळे? उत्तर देता आलं तर डॅझल ठेवा. 'माझे बूट डॅझल करतात' असं एकाने लिहिलं होतं. मी विचारलं, "कुणाला?" तो हसला आणि 'शाइन' लिहून मोकळा झाला.

उच्चार डॅझल की डॅझेल? की डझल?

डॅझल. 'डॅ' हा 'बॅट'मधल्या 'बॅ'सारखा तोंड उघडून म्हणायचा. झ मात्र 'झाड'मधला, 'झेंडा'मधला नव्हे. मराठीत एकाच अक्षराचे हे दोन उच्चार आपण विचार न करता करतो, त्यामुळे इथे मराठी माणसाला फार कष्ट पडत नाहीत. शेवटचा 'ल' ओढू नका, जिभेने नुसता टेकवा. स्पेलिंगमध्ये झेड दोनदा येतो आणि शेवटी एल ई. एका झेडने लिहिलेले पेपर मी दर वर्षी तपासतो.

हा शब्द आला कुठून?

'डेझ' या क्रियापदापासून. डेझ म्हणजे सुन्न होणं, भांबावून जाणं. डोक्याला मार लागलेला माणूस जसा बघतो, तसा. त्याचं मूळ जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत सापडतं आणि तिथे अर्थ होता थकून जाणं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत डेझला शेपूट लागून डॅझल तयार झालं. हे 'ल'चं शेपूट बघण्यासारखं आहे. इंग्रजीत ते लागलं की क्रिया पुन्हा पुन्हा, बारीक बारीक झटक्यांनी होते. स्पार्क म्हणजे एक ठिणगी, स्पार्कल म्हणजे ठिणग्या उडत राहिल्यासारखं चमकणं. क्रॅक म्हणजे एकदा कडाड, क्रॅकल म्हणजे तडतड. आपण हेच काम आवाज दोनदा उच्चारून करतो: चमचम, लखलख, लुकलुक, तडतड.

मला याहून जास्त मजा वाटते ती मराठी बाजूची. आपलं 'दिपणे' संस्कृतातल्या 'दीप्' धातूपासून आलं, आणि त्या धातूचा अर्थ प्रकाशणं, पेटणं. म्हणजे मुळात ती दिव्याची क्रिया होती. मराठीत येता येता तिचा कर्ता बदलला. दिवा बाजूला राहिला आणि डोळे दिपू लागले. इंग्रजी शब्द निघाला थकलेल्या शरीरापासून, आपला निघाला दिव्यापासून, आणि दोघे येऊन पोहोचले एकाच जागी, चुरचुरणाऱ्या डोळ्यात. म्हणून डॅझलला 'दिपणे' इतका चपखल बसणारा दुसरा शब्द नाही. गाइडवाल्याने 'चमकणे' का लिहावं, कोण जाणे.

ग्लेअर आणि ब्लाइंड यांच्यापेक्षा डॅझल वेगळं कसं?

ग्लेअर म्हणजे नकोसा, बोचरा उजेड. मोबाइलच्या काचेवर पडणारं ऊन, ट्यूबलाइटचा पांढराफटक झगझगाट. त्यात कौतुक औषधालाही सापडत नाही. ग्लेअरचा आणखी एक अर्थ आहे, डोळे वटारून बघणं. 'द टीचर ग्लेअर्ड ॲट मी' म्हणजे सर माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. इथे डॅझल लिहिलंत तर सर फारच देखणे होते असा अर्थ होईल.

ब्लाइंड म्हणजे आंधळं करणं. बोलताना 'ब्लाइंडिंग लाइट' असं सरसकट म्हणतात, पण नेमकेपणाने बघितलं तर डॅझल तात्पुरतं असतं आणि ब्लाइंड कायमचंही असू शकतं. हा फरक आंतरराष्ट्रीय कायद्यातही उतरलाय. 1995 साली एक करार झाला आणि त्यानुसार माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर बंदी आली. शत्रूचे डोळे थोडा वेळ दिपवणाऱ्या उपकरणांना मात्र 'डॅझलर' असं वेगळं नाव आहे. व्यवहारात ही रेघ वाटते तितकी जाड नाही, हेही सांगतो. लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला तर दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच मिरवणुकांमध्ये लेझर लावायला मनाई करणारे आदेश निघतात. घरच्या लहान मुलांना मिरवणुकीतल्या लेझर लावलेल्या ट्रॉलीपासून लांब ठेवा.

डोळे दिपतात तेव्हा आत काय होतं?

भाषेच्या वर्गात हा प्रश्न कशाला, असं वाटेल. पण हे कळलं की शब्द कायमचा लक्षात राहतो.

अंधारात बाहुली मोठी झालेली असते, तरुण माणसाची सात-आठ मिलिमीटरपर्यंत. अचानक प्रखर झोत आला की ती आकसते, पण त्याला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात भरमसाट उजेड आत शिरलेला असतो. डोळ्याच्या आत तो विखुरतो आणि दृष्टिपटलावर उजेडाचा एक पातळ पडदा पसरतो. कमी उजळ असलेल्या वस्तू, म्हणजे रस्त्यावरचा खड्डा, काळ्या कपड्यातला माणूस, या पडद्याआड बुडून जातात. त्यातच अंधारात बघायला मदत करणारं रंगद्रव्य झोताने विरून जातं. ते परत पूर्ण भरून यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून झोत निघून गेल्यावरही मिनिटभर चाचपडायला होतं. मोतीबिंदू असेल तर उजेड जास्त विखुरतो. रात्री समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार असेल तर चष्म्याचा नंबर बदलून गप्प बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मी हे पुस्तकात वाचण्याआधीच अनुभवलं होतं. एका पावसाळ्याच्या शेवटी गिरणाऱ्याहून गंगापूरमार्गे रात्री स्कूटरवर परत येत होतो. समोरून टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेली पिकअप आली, अप्पर लावून, वर छताला दोन जादा दिवे. एक क्षण असा आला की रस्ता, झाडं, माझ्याच स्कूटरचं हँडल, सगळं पांढरं. पिकअप गेली आणि तेच सगळं काळं झालं. त्या काळ्यात पुढचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरलं आणि मी एका बांधाला टेकून उभा राहिलो. लागलं फार नाही, गुडघा सोलवटला आणि डब्यातली भाजी सांडली. पण 'डॅझल्ड' हा शब्द त्या दिवशी मला अंगाने कळला.

लायसन्सच्या संदर्भात हा शब्द वाचला होता, तो हाच का?

हाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 क्रमांकाचा नियम गाडीच्या पुढच्या दिव्यांबद्दल आहे आणि त्याच्या इंग्रजी मजकुरात 'डॅझलिंग' हाच शब्द आलाय. दिव्यापासून 8 मीटरवर उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली वळवलेला असावा, असा त्याचा आशय. कायद्यानेही मोजमाप धरलंय ते बघणाऱ्याच्या डोळ्यापाशी. दिवा किती तेजस्वी आहे एवढ्यावर भागत नाही, समोरच्याच्या डोळ्याचं काय होतं ते बघावं लागतं.

'यूज डिपर ॲट नाइट' हे तर आग्रा रोडवर प्रत्येक ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं. त्यातला 'डिप' आणि आपला 'दिप' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इंग्रजी डिप म्हणजे खाली करणं, झोत खाली वाकवणं. पण डिपर न मारल्याने डोळे दिपतात, हा योगायोग मी वर्गात बिनदिक्कत वापरतो. एकदा ऐकलं की कुणी विसरत नाही.

डॅझलिंग म्हटलं की कौतुक समजायचं की टोमणा?

दोन्ही. संदर्भावरून ओळखायचं. 'डॅझलिंग परफॉर्मन्स', 'डॅझलिंग स्माइल' हे सरळ कौतुक. पण 'ही डॅझल्ड देम विथ बिग नंबर्स' असं वाचलं की सावध व्हायचं. मोठमोठे आकडे फेकून त्याने लोकांचे डोळे दिपवले, म्हणजे खरी गोष्ट दिसू दिली नाही. मराठीतही 'दिपवणे' असंच दोन धारांचं आहे. 'तिच्या गाण्याने सगळे दिपून गेले' हे गोड, 'लग्नाच्या थाटाने डोळे दिपवले आणि नंतर कळलं की सगळं कर्जावर होतं' हे कडू.

सराफ बाजारात, दुकानाचं नाव नको, मी भाचीसाठी चांदीचे पैंजण घेतले होते. काचेच्या खणात वरून पांढऱ्याशुभ्र दिव्यांची रांग, खाली काळी मखमल. पैंजण असे लखलखत होते की घडणावळ किती लावली तेही मी नीट वाचलं नाही. घरी ओट्यावरच्या साध्या बल्बखाली पुडी उघडली तर घुंगरांची जोडणी ओबडधोबड, एक कडी अर्धवट उघडी. चांदी खोटी नव्हती. दिव्यांनी मला डॅझल केलं होतं, दोन्ही अर्थांनी. बहीण म्हणाली, "दादा, आधी उजेडात जाऊन बघायचं ना." मी म्हटलं, "उजेडातच तर बघितलं!"

मराठीत भाषांतर करताना दर वेळी 'डोळे दिपवणारे' लिहायचं का?

नाही, कंटाळवाणं होतं. वर्तमानपत्रांकडे एक तयार शब्द आहे, 'नेत्रदीपक'. नेत्रदीपक यश, नेत्रदीपक रोषणाई, नेत्रदीपक सोहळा. दहावीच्या निकालाच्या दिवशी हा शब्द इतक्या वेळा छापला जातो की त्यातलं तेज पार विझून गेलंय. मी स्वतः तो टाळतो, पण चूक म्हणणार नाही.

प्रसंग बघून शब्द निवडा. येवल्याची पैठणी उलगडली आणि काठाची जर अंगावर आली तर 'झळाळती'. विजांचा असेल तर 'लखलखाट'. बाजारातल्या दिव्यांचा 'झगमगाट'. हुशारीबद्दल असेल तर 'थक्क करणारी', 'अफाट'. श्रीमंतीबद्दल टोमण्याने म्हणायचं असेल तर 'भपका' हा एकच शब्द पुरेसा. पण डोळ्यांना प्रत्यक्ष त्रास झाला असेल तर दिपण्याला पर्याय नाही. 'हेडलाइटने मला थक्क केलं' असं भाषांतर एकाने खरोखरच केलं होतं. 'डोळ्यांपुढे काजवे चमकले' हेही तिथे नको. काजवे चमकायला मुस्कटात बसावी लागते.

वाक्यात कसं वापरायचं? बाय लावायचं की विथ?

दिपलेला माणूस कर्त्याच्या जागी असेल तर बहुतेक वेळा 'बाय': 'आय वॉज डॅझल्ड बाय द हेडलाइट्स'. कुणीतरी मुद्दाम एखाद्या गोष्टीने दिपवलं तर 'विथ': 'शी डॅझल्ड अस विथ हर मेमरी'. कर्म न देता 'शी नेव्हर फेल्स टु डॅझल' असंही म्हणतात, तिथे बघणारे गृहीत धरलेले असतात.

डॅझलिंग आणि डॅझल्ड यांची गल्लत मात्र करू नका. दिपवतो तो डॅझलिंग, दिपतो तो डॅझल्ड. एका मुलाने मुलाखतीत 'आय ॲम डॅझलिंग बाय युअर कंपनी' असं सांगितलं. म्हणायचं होतं, तुमची कंपनी बघून मी भारावलो. तोंडातून निघालं त्याची जोडणीच चुकीची, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर आधी पडलं ते 'मी डोळे दिपवणारा आहे'. नोकरी मिळाली, पण ती त्याच्या वेल्डिंगवर.

झेब्र्यांच्या कळपाला डॅझल म्हणतात, हे खरं?

हो, इंग्रजीत 'अ डॅझल ऑफ झेब्राज' म्हणतात. कळप पळायला लागला की पट्टे एकमेकांत मिसळतात आणि एक झेब्रा कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नाही, ही त्यामागची कल्पना. पट्टे खरंच सिंहाला चकवतात का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. चावऱ्या माश्यांना पट्ट्यांवर नीट उतरता येत नाही, हे मात्र प्रयोगांत दिसलंय.

यावरून जहाजांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. समुद्रावर जहाज लपवणं कठीण. आभाळाचा रंग तासातासाला बदलतो आणि धूर तर दिसतोच. 1917 साली नॉर्मन विल्किन्सन या नौदलात असलेल्या चित्रकाराने उलटा विचार मांडला: लपवू नका, गोंधळवा. जहाजांवर काळे, पांढरे, निळे आडवेतिडवे पट्टे रंगवायचे. पाणतीर सोडणाऱ्याला जहाज कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललंय याचा अंदाज बांधावा लागतो, कारण तीर पोहोचेपर्यंत जहाज पुढे गेलेलं असतं. पट्ट्यांमुळे जहाजाचं पुढचं टोक कुठे आणि मागचा भाग कुठे हेच कळेना. लंडनच्या रॉयल अकॅडमीत लाकडी प्रतिकृती रंगवून त्या पेरिस्कोपमधून तपासल्या जात. या रंगकामाला नावच पडलं 'डॅझल'. किती जहाजं त्यामुळे वाचली याचा ठोस हिशोब लागला नाही, पण खलाशांचा धीर वाढला म्हणतात.

या गोष्टीत प्रकाश कुठेच नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. जहाज चमकत नव्हतं. तरीही बघणारा बघूनसुद्धा आंधळा होत होता, आणि शब्दाला तेवढं पुरलं.

बेडॅझल आणि रॅझल-डॅझल?

बेडॅझल म्हणजे पुरतं दिपवणं, मोहित करणं. हल्ली कपड्यांवर टिकल्या-खडे चिकटवण्यालाही म्हणतात. रॅझल-डॅझल हा अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा शब्द: गडबड, दणका, नुसता दिखाऊ जल्लोष. परीक्षेत येत नाहीत, सोडून द्या.

ग्लिटर, स्पार्कल, शिमर, ग्लो यांचं काय?

हे सगळे वस्तूकडचे. ग्लिटर म्हणजे चकाकणं, स्पार्कल म्हणजे चमचमणं, शिमर म्हणजे पाण्यावरच्या चांदण्यासारखं हलतं चमकणं, ग्लो म्हणजे निखाऱ्याचा मंद उजेड. यातल्या कुठल्याही उजेडाने डोळे मिटावे लागत नाहीत.

पार्लरचं नाव 'डॅझल' ठेवलं तर चालेल?

चालेल. चष्म्याच्या दुकानाला ठेवू नका.

डॅझलचा विरुद्धार्थी शब्द कोणता?

बहुतेक जण 'डिम' लिहितात. डिम हा ब्राइटच्या विरुद्ध, दिव्याच्या बाजूचा. डोळ्यांच्या बाजूने विचार केला तर शब्द दुसरा हवा, आणि तो मला वर्गातल्या आजींनी दिला. एका संध्याकाळी त्या रामकुंडावरून थेट वर्गात आल्या होत्या. द्रोणात फुलं आणि वात ठेवून दिवा सोडला होता, तो पायऱ्यांपासून हलत हलत अंधारात जाईपर्यंत त्या बघत उभ्या होत्या म्हणे. फळ्यावर डॅझल लिहिलेलं बघून विचारू लागल्या, "दिपले म्हणजे डॅझल्ड, ते कळलं. मग त्या दिव्याकडे बघून माझे डोळे निवले, त्याला काय म्हणायचं?"

मी फळ्यावर लिहिलं, 'सूदिंग टु द आइज'. आजींनी ते वहीत उतरवून घेतलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं, आणि पुढे कंसात मराठीत लिहिलं: जवळपास.